‘काये राये’ म्हणणाऱ्या जिभेला इंग्रजी जमेल का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारे सर ३८ वर्षांचे आहेत. राहतात नागपुरात, मानेवाड्याकडे. शिकवतात गाडीने तासाभरावर असलेल्या जिल्हा परिषद शाळेत, तिसरी-चौथीला. वर्षभरापूर्वी एक व्हिडिओ पाहून त्यांनी परिपाठात रोज एक इंग्रजी टंग ट्विस्टर घ्यायला सुरुवात केली. पोरांना मजा येऊ लागली. मग एका सकाळी शाळेत नव्याने रुजू झालेल्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सर, ते सी सेल्स नाही, शी सेल्स आहे.” पोरं हसली. तेव्हापासून सर पहाटे गच्चीवर जातात आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तासभर टंग ट्विस्टर घोकतात. वेग वाढला, पण वर्गात इंग्रजीचं पुस्तक उघडलं की घसा कोरडा पडतो. मेहुणे म्हणतात, घरी वऱ्हाडी बोलणं बंद करा, जीभ त्यानंच जड झाली. त्यात पुढच्या महिन्यात केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ‘टंग ट्विस्टरमधून उच्चारसुधारणा’ हा विषय त्यांनाच मांडायचा आहे. सर विचारतात: या वयात जीभ वळेल का? इंग्रजी त्या मॅडमकडे सोपवून मोकळं व्हावं का? आणि माझे चुकीचे उच्चार पोरांच्या तोंडी जन्मभर राहिले तर ते पाप कोणाच्या माथी?

नमस्कार सर,

‘पाप’ हा शब्द वाचला आणि पत्र बाजूला ठेवून आधी चहा केला. इतका जड शब्द एका ‘शी’साठी?

त्या सकाळबद्दल आधी बोलू. मॅडमनी दाखवलेली चूक खरी होती, दाखवायची जागा चुकली. तुमच्या पत्रात या दोन्ही गोष्टी वरणभातासारख्या कालवल्या गेल्यात. गच्चीवर पहाटे तुम्ही जे करताय तो उच्चारांचा सराव कमी आणि त्या हसण्याला दिलेलं उत्तर जास्त, असं मला वाटतं. म्हणून तर वेग वाढला आणि घसा कोरडाच राहिला. अपमानावर टंग ट्विस्टर लागू पडत नाही हो.

आणि ‘शी’ तुम्हाला येत नाही, हे मला पटत नाही. वर्गात गोंगाट झाला की काय करता? ओठांवर बोट ठेवून ‘शूऽऽ’. दिवसातून पन्नासदा तरी होत असेल. तोच तो आवाज. ओठ किंचित पुढे आलेले, जीभ ‘स’च्या जागेपेक्षा थोडी मागे. म्हणजे आवाज तुमच्याजवळ आहे. ‘शी सेल्स सी शेल्स’ म्हणताना घाई झाली की जीभ गावाकडच्या वाटेला लागते, जिथे शेताचं सेत होतं. उद्या परिपाठात पोरांना साप करायला सांगा, ‘स्स्स’, आणि मग गोंगाट थांबवायला सांगा, ‘शूऽऽ’. साप, शांतता, साप, शांतता. मग हळूच ‘सी... शी... सी... शी’. पोरांसोबत तुमचंही होऊन जाईल आणि कोणाला कळायचंही नाही.

आता मेहुण्यांचा मुद्दा. ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ तुम्हीही लहानपणी म्हटलं असणार. आपल्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. एखाद्या पोरानं ‘काये राये गोरे राये’ म्हणून टाकलं, की अडखळायला जागाच उरत नाही! काटाच काढून टाकलाय वऱ्हाडीनं त्या वाक्यातला. पण तुमचं पाहा. घरी तुम्ही ‘डोये’ म्हणता आणि फळ्याजवळ ‘डोळे’. हे कधी शिकलात ते आठवतही नसेल. कोणी स्टॉपवॉच धरून उभं नव्हतं. कान दोन्हीकडचं ऐकत गेला, जिभेनं दोन्ही ठेवून घेतलं. वर बर्डीवर ऑटोवाल्याशी हिंदी आहेच. एका जिभेवर तीन घरं नांदवणाऱ्या माणसाला चौथं बांधायचंय, तर पहिलं कशाला पाडायचं? मेहुण्यांना हे तुमच्या वऱ्हाडीतच सांगा, जास्त पटेल.

मी स्वतः नागपुरातल्या महाल भागातली. पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलच्या मुली माझ्या ‘काऊन’ला आणि ‘येऊन राहिले’ला इतक्या हसल्या की दोन महिने मी मेसमध्ये मान खाली घालून जेवले. त्या दोन महिन्यांत माझं पुणेरी तर सुधारलं नाहीच, माझं बोलणं तेवढं आटलं. तुमच्या कोरड्या घशाबद्दल वाचताना ते ताट आठवलं.

तुमच्या यादीकडे येते. तुम्ही पत्रासोबत तेवीस टंग ट्विस्टर लिहून पाठवलेत, पहिलं अर्थातच ‘पीटर पायपर पिक्ड अ पेक ऑफ पिकल्ड पेपर्स’. हे वाक्य १८१३ साली लंडनमध्ये निघालेल्या लहान मुलांच्या एका पुस्तकात छापलं होतं. एकेका अक्षरासाठी एकेक असं वाक्य, आणि शुद्ध उच्चाराची हमी थेट पुस्तकाच्या नावात. पण मुलं कोणाची? इंग्रजांची. त्यांची जीभ जिथे अडते तिथल्यासाठी केलेलं ते औषध. तुमच्या दुखण्यासाठी ते लिहून दिलेलं नाही. ‘रेड लॉरी, यलो लॉरी’ घ्या. भराभर म्हणताना भल्या भल्या इंग्रजांचे र आणि ल एकमेकांत अडकतात. तुमच्या चौथीच्या शेवटच्या बाकावरचं पोरगं बहुतेक हसत हसत म्हणून दाखवेल, कारण र आणि ल आपल्याकडे वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. मग ते तुम्ही रोज वीस वेळा कशासाठी म्हणताय?

दुसरं असं की अडखळणं म्हणजे उच्चार वाईट, हे गृहीतच चुकीचं आहे. टंग ट्विस्टर बनवलेलंच असतं अडखळायला. सारखे आवाज एकमेकांच्या पायात येतात, आणि पुढचा आवाज कोणता हे ठरवताना मेंदूचाच गोंधळ होतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी या गोंधळावरचं काम मांडताना ‘पॅड किड पोअर्ड कर्ड पुल्ड कॉड’ असं एक वाक्य दिलं. अर्थ काहीच नाही. पण जन्मापासून इंग्रजी बोलणारेही ते भराभर म्हणताना गडबडतात. त्यांचे उच्चार वाईट आहेत असं कोणी म्हणत नाही. ‘कच्चा पापड पक्का पापड’ला अडखळलात म्हणून तुमचं मराठी कच्चं ठरलं का कधी?

म्हणून ते स्टॉपवॉच आधी ठेवून द्या. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात वर्ण कसे उच्चारावेत हे सांगताना वाघिणीची उपमा दिली आहे: ती पिलाला दातांत धरून नेते, त्याला पडू देत नाही आणि दातही लागू देत नाही. ताडोबा आणि पेंचच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला तरी ही उपमा समजावून सांगायला नको. गच्चीवर तुमचं जे चाललंय ते पिलू तोंडात धरून शर्यत लावणं आहे.

मग करायचं काय? आपल्या जिभेची दुखणी ओळखायची आणि त्यांच्यापुरतीच वाक्यं घ्यायची, हळू. माझ्या मते आपल्याकडची मोठी दुखणी मोजकीच आहेत.

पहिलं ‘प’चं. हे कोणी सांगतच नाही. इंग्लंडमध्ये चुलतभावाकडे गेले होते तेव्हा एका बेकरीत काचेकडे बोट दाखवून मी म्हटलं, ‘पाय, प्लीज.’ काउंटरवरची मुलगी गोंधळून हसली आणि म्हणाली, ‘बाय!’ मी निरोप घेतेय असं वाटलं तिला. आपला ‘प’ कोरडा असतो, त्याच्यामागे हवा नसते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’मागून हवेचा झोत येतो. तो नसला की तिकडच्या कानाला ‘ब’ ऐकू येतो. कागदाची एक पातळ पट्टी ओठांसमोर दोन बोटांवर धरा. आपल्या ‘पाणी’तला ‘प’ म्हणा, पट्टी जेमतेम हलेल. आता ‘फणस’ म्हणा, पण दात न लावता, दोन्ही ओठ मिटून, आजी म्हणायची तसा. पट्टी फडफडेल. इंग्रजी ‘पिन’मधला ‘प’ या फडफडीच्या जवळचा आहे. गंमत म्हणजे ‘स्पिन’ म्हणताना इंग्रजांचीही पट्टी हलत नाही, तिथे आपला कोरडा ‘प’च बरोबर. ‘टाइम’मधल्या ‘ट’चं आणि ‘कार’मधल्या ‘क’चं असंच, त्यांना ‘ठ’ आणि ‘ख’ची किंचित हवा द्यायची. आता पीटर पायपर परत घ्या, पट्टी समोर धरून. जिथे जिथे शब्द ‘प’ने सुरू होतो तिथे ती हलली पाहिजे. बघा, तेच वाक्य आता काम करू लागलं. आणि प-फ, क-ख हा फरक आपल्या मुळाक्षरांत आधीपासून आहे. हवा कुठून आणायची हा प्रश्नच नाही, फक्त नळ उघडायचा.

दुसरं ‘व’चं. वर्धा इंग्रजीत लिहिताना आपण डब्ल्यू घालतो, विदर्भ लिहिताना व्ही. बोलताना दोन्ही एकच. त्यांच्याकडे हे दोन वेगळे आवाज आहेत. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि गुणगुण होते. डब्ल्यूला दातांचं कामच नाही, ‘उ’ म्हणताना होतात तसे ओठ गोल करून सुटायचं, ‘उऑच’. खरं तर आपल्या लेखणीला हा फरक चांगला कळतो. आपण ‘व्हॅन’ लिहितो आणि ‘वॉच’ लिहितो. फक्त तो हातातून तोंडात उतरलेला नाही. आरसा घ्या. ‘व्हेस्ट’ला दात दिसले पाहिजेत, ‘वेस्ट’ला नाही. मग एक घरगुती वाक्य: ‘व्हेरी वॉर्म वर्धा, व्हेरी वेट व्हॅली’. दात, ओठ, ओठ, दात, ओठ, दात. इतक्या हळू, की शेजारच्या गच्चीवरच्या काकूंना वाटावं सर दातदुखीनं बेजार आहेत.

‘झेड’चं थोडक्यात. आपला ‘झाड’मधला ‘झ’ सुरू होताना जीभ वर टेकते, म्हणून तो लांबवता येत नाही. इंग्रजीतला भुंग्यासारखा लांबतो. ‘इज द झू ॲट झिरो माईल?’ हे म्हणून पाहा, यात ‘इज’च्या शेवटीही भुंगाच आहे. उत्तर पोरं देतीलच, नाही सर, महाराजबागेत.

ह्रस्व-दीर्घ. ‘शिप’ आणि ‘शीप’ आपल्याला सारखे ऐकू येतात, कारण मराठी बोलताना इ आणि ई यांच्यात आपण फारसा फरक ठेवत नाही. तुमच्या पोरांच्या वह्यांत ह्रस्व-दीर्घाच्या लाल खुणा पडतात त्या त्यामुळेच. इथे जिभेपेक्षा कानाला सराव हवा. जोडीतला एक शब्द तुम्ही म्हणा, पोरांनी फळ्यावरच्या जहाजाकडे किंवा मेंढीकडे बोट दाखवायचं. पोरं चुकली तर त्यांचा कान तपासा, सगळी पोरं एकत्र चुकली तर स्वतःचा उच्चार.

‘थिंक’ आणि ‘दिस’मधल्या दातांत जीभ धरण्याच्या आवाजासाठी मात्र झोप उडवू नका. तुमच्या यादीतली चार वाक्यं त्यासाठीच आहेत, ती खुशाल खोडा. जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश भाषाअभ्यासक बाईंनी २००० मध्ये एक यादी मांडली: वेगवेगळ्या देशांची माणसं आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा समजण्यासाठी कोणते उच्चार सांभाळावेच लागतात. त्यात ‘प-ट-क’मागची हवा आहे, स्वरांची लांबी आहे, वाक्यात जोर कुठे द्यायचा ते आहे. हा ‘थ’ त्यात नाही. आपला ‘थ’ चालतो, माणसं समजून घेतात.

आणि आता ते, ज्याला टंग ट्विस्टर जवळजवळ काहीच करू शकत नाही: आघात. तुमची पोरं हजेरीला रोज ‘प्रेझेंट सर’ म्हणतात. तिथे जोर ‘प्रे’वर. पण शिक्षण परिषदेत तुम्ही जे करणार आहात त्या क्रियापदात जोर ‘झेंट’वर, प्रिझेंऽट. अक्षरं तीच, जोर सरकला की शब्द बदलला. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण एका वजनानं टाकत जातो, तांदूळ निवडल्यासारखी. इंग्रजीत एक अक्षर फुगतं आणि बाकीची दबतात. आपण ‘डेव्हलप’ म्हणतो, तिकडे डि-व्हेऽ-लप. आपण ‘हॉटेल’, तिकडे हो-टेऽल. ‘सर्टिफिकेट’मध्ये जोर ‘टि’वर. समोरचा ‘पार्डन?’ म्हणतो तेव्हा दोष ‘श’मध्ये नसून बऱ्याचदा इथे असतो. यासाठी टाळ्या वाजवा: जोराच्या अक्षराला मोठी टाळी, बाकीच्यांना नुसती बोटं. ऑनलाइन शब्दकोशात शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, तिथून ऐकायचं आणि टाळी मारायची. रोज परिपाठात असे तीन शब्द घेतलेत तर तेवीस टंग ट्विस्टरपेक्षा जास्त काम होईल, असं मला ठामपणे वाटतं. मजा कमी येईल, हे मान्य.

तासभराऐवजी दहा मिनिटं करा, एका महिन्यात फक्त दोन आवाज. आठवड्यातून एकदा स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर आपण काय म्हणायला गेलो तेच ऐकू येतं. मोबाइलचं व्हॉइस टायपिंग इंग्रजीवर ठेवून सुटे शब्द म्हणून बघता येतील. ‘व्हेस्ट’ म्हटल्यावर ‘वेस्ट’ उमटलं तर परत आरसा. पूर्ण वाक्य मात्र म्हणू नका, यंत्र संदर्भावरून अंदाजानं बरोबर लिहितं आणि आपल्याला उगाच शाबासकी मिळते.

वयाचं विचारलंत. अडतिसाव्या वर्षी तुम्ही लंडनमध्ये जन्मल्यासारखे बोलू लागणार नाही, आणि तशी गरजही नाही. कॅनडातले मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये अभ्यास करून दाखवलं की बोलण्यात परका लहेजा ठळक असला तरी ते बोलणं पूर्ण समजू शकतं. लहेजा आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहेजा नागपूरचा राहू दे. ‘पाय’चं ‘बाय’ होऊ नये एवढं बघायचं, आणि ते या वयात नक्की होतं.

पोरांच्या ‘पापा’बद्दल. तुम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या पिढीचे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० मध्ये. म्हणजे जी भाषा तुम्हाला कोणी पहिलीत दिली नाही ती तुम्ही आज पहिलीपासून शिकलेल्या पोरांना देताय. तुमच्याकडून काही उच्चार चुकीचे जातील. जाऊ देत. पोरं मोबाइलवरही ऐकतात, पुढच्या वर्गातही ऐकतील. पण एक गोष्ट फक्त तुम्हीच देऊ शकता: मोठा माणूस चुकतो, थांबतो आणि दुरुस्त करतो हे दाखवणं. परिपाठात एकदा म्हणून टाका, ‘मागे माझं सी-शी चुकलं होतं, आज बघा.’ हसतील. या वेळचं हसणं वेगळं असेल.

इंग्रजी मॅडमकडे सोपवू नका. पण त्यांचा कान मागून घ्या. ‘मॅडम, आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत दहा मिनिटं माझं ऐकाल का? फक्त पोरांसमोर नको.’ हे शेवटचं वाक्य गाळू नका. नव्यानं रुजू झालेल्या माणसाला स्टाफरूममध्ये आपली जागा सापडायची असते, आणि बऱ्याचदा ती दुसऱ्याची चूक दाखवूनच शोधली जाते. त्यांना तुम्ही एक बरी जागा देताय. त्यांनी नाही म्हटलं तर घरी बायकोला ‘व्हेस्ट की वेस्ट’ विचारत बसा. तीही ऐकेल, आणि चिडवेलही.

याच महिन्यात मिहानमधल्या एका कंपनीत फोनवर काम करणाऱ्या मुलीनं आणि कॉन्व्हेंटच्या पालकसभेत गप्प बसणाऱ्या एका आईनंही जवळपास हेच विचारलं आहे. दोघींनाही ‘ॲक्सेंट’ शिकवणाऱ्या क्लासची जाहिरात खुणावते आहे. पैसे भरण्याआधी एकच विचारा: पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून माझ्या दोन-तीन चुका नेमक्या सांगाल का? सांगितल्या तर विचार करा. सगळ्यांना एकच छापील यादी हातात देत असतील तर ती यादी फुकटात मिळते, सरांकडे तेवीस वाक्यांची आहे.

शिक्षण परिषदेत काय मांडावं, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. तिथे भराभर म्हणून दाखवू नका, टाळ्या पडतील आणि चहा येईल, बाकी काही होणार नाही. प्रत्येक शिक्षकाच्या हातात कागदाची एकेक पट्टी द्या. आधी सगळ्यांना ‘पाणी’ म्हणायला लावा, मग ‘पिन’, मग ‘स्पिन’. केंद्रप्रमुखांनाही. सभागृहातले पंखे तेवढ्यापुरते बंद करायला सांगा. आणि वहीचा कागद घेऊ नका, जड पडतो. घरात संक्रांतीचा पतंगाचा कागद उरला असेल तर तो सगळ्यात छान फडफडतो.